लेस्टरचं हेलिकॉप्टर: पेडल दाबलं, पण शेपटीपर्यंत पोचलंच नाही

27 ऑक्टोबर 2018, शनिवारची रात्र. इंग्लंडमधल्या लेस्टर शहरात किंग पॉवर स्टेडियमवर लेस्टर सिटी आणि वेस्ट हॅम यांचा सामना 1-1 असा सुटला होता. लोक घरी निघाले होते. दोन वर्षांपूर्वी लेस्टर सिटी क्लबने प्रीमियर लीग जिंकून सगळ्या फुटबॉल जगाला तोंडात बोट घालायला लावलं होतं. त्या क्लबचे थाई मालक विचाई श्रीवद्धनप्रभा नेहमीप्रमाणे मैदानाच्या मध्यावर उभ्या असलेल्या हेलिकॉप्टरमध्ये बसले. स्थानिक वेळेनुसार साडेआठ वाजून गेले होते. आत वैमानिकासह पाच जण होते. हेलिकॉप्टर उचललं गेलं, स्टेडियमच्या छतावर आलं, स्वतःभोवती गरगर फिरायला लागलं आणि बाहेरच्या मोकळ्या जागेत कोसळलं. पाचपैकी कुणीही वाचलं नाही.

या अपघातावर ब्रिटनच्या हवाई अपघात तपास शाखेने, म्हणजे एएआयबीने, जवळजवळ पाच वर्षं काम केलं. अंतिम अहवाल 6 सप्टेंबर 2023 रोजी आला. हेलिकॉप्टरची पेडल नेमकं काय करतात, हे समजून घ्यायला याच्याइतकं स्वच्छ उदाहरण माझ्या पाहण्यात नाही. पेडल असताना काय होतं हे पुस्तकात वाचायला मिळतं. पेडल पायाखाली आहेत पण त्यांच्या पुढची साखळीच तुटली आहे, तेव्हा काय काय हातातून जातं ते इथे सेकंदासेकंदाने नोंदलेलं आहे.

आधी एक गैरसमज बाजूला करू. पेडल म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर गाडी येते, नाहीतर सायकल. हेलिकॉप्टरची पेडल ना वेग वाढवतात, ना ब्रेक लावतात, आणि गाडीच्या स्टिअरिंगसारखी वळवतही नाहीत. डोक्यावरचा मोठा रोटर, म्हणजे फिरता पंखा, इंजिन एका दिशेला फिरवतं, तेव्हा खालचा सांगाडा उलट दिशेला फिरायला बघतो. कुणी हातातल्या ड्रिल मशीनने भिंतीला भोक पाडलं असेल आणि बिट मध्येच अडकला असेल, तर मनगटाला जो हिसका बसतो तोच हा. लेस्टरचं हेलिकॉप्टर लिओनार्दो कंपनीचं एडब्ल्यू169 होतं. त्याचा मोठा रोटर वरून पाहिलं तर घड्याळाच्या उलट दिशेने फिरतो, म्हणून त्याचं नाक सतत उजवीकडे जायला बघतं. शेपटीच्या टोकाचा छोटा रोटर शेपटीला आडवा जोर लावतो आणि नाक जागेवर धरून ठेवतो. पेडलला जोडलेली असतात ती या छोट्या रोटरची पाती. डावं पेडल दाबलं की पात्यांचा कोन वाढतो, जोर वाढतो, नाक डावीकडे येतं. उजवं दाबलं की कोन कमी होतो आणि नाक मोठ्या रोटरच्या हिसक्याबरोबर उजवीकडे जातं. उजवं पेडल अगदी टोकापर्यंत नेलं तर पात्यांचा कोन शून्याच्या पलीकडे उलटा होतो. शेपटी अडवण्याऐवजी ढकलायलाच लागते. ही शेवटची गोष्ट पुढे कामाला येणार आहे.

(नाशिकच्या गांधीनगरला लष्कराचे वैमानिक चीता आणि चेतकवर हेलिकॉप्टर शिकतात. ही मूळची फ्रेंच यंत्रं, त्यांचा रोटर घड्याळाच्या दिशेने फिरतो. त्यांना नाक धरायला उजवा पाय लागतो. म्हणजे तिथे तयार झालेला वैमानिक एडब्ल्यू169 सारख्या यंत्रात बसला, तर त्याच्या पायांना सगळं उलटं शिकावं लागतं.)

आता नाक आणि वाट यांतला फरक. विमानाचं नाक जिकडे, साधारण तिकडेच विमान जातं. हेलिकॉप्टरचं तसं नाही. ते कुठे जाणार हे ठरवते वैमानिकाच्या उजव्या हातातली सायक्लिक काठी. ती मोठ्या रोटरची चकती ज्या बाजूला कलवते तिकडे हेलिकॉप्टर सरकतं. पुढे, मागे, आडवं, कसंही. पेडल फक्त नाक फिरवतात. म्हणून जागच्या जागी तरंगत असताना तुम्ही नुसत्या पेडलांनी एका बिंदूवर पूर्ण गोल फिरू शकता, आणि तसूभरही न सरकता. निदान कागदावर. प्रत्यक्षात शेपटीचा रोटर शेपटीबरोबर सगळ्या यंत्रालाच थोडं बाजूला ढकलतो, म्हणून काठी हलकेच विरुद्ध बाजूला धरावी लागते, आणि बरीच हेलिकॉप्टरं हवेत तरंगताना एका अंगाला किंचित कललेली दिसतात. नवशिक्याला वाटतं काहीतरी बिघडलंय.

वेगाने पुढे जाताना चित्र बदलतं. आता समोरचा वारा शेपटीच्या उभ्या पंखाला धरतो आणि नाक आपोआप वाटेच्या दिशेला येतं, जत्रेतल्या भिरभिऱ्याची शेपटी वाऱ्यावर येते तसं. इथे वळायचं असेल तर काठीने यंत्र कलवायचं. पेडलनं वळायला गेलात तर नाक वळेल, पण वाट बराच वेळ तीच राहील, आणि हेलिकॉप्टर तिरकं, फरफटत पुढे जाईल. छोट्या हेलिकॉप्टरांच्या काचेवर लोकरीचा एक धागा चिकटवलेला असतो. तो सरळ मागे उडत असला म्हणजे पाय बरोबर काम करताहेत. लाखोंच्या उपकरणांच्या शेजारी हा चार आण्यांचा धागा असतो, आणि वैमानिक त्याच्यावर विश्वास ठेवतात. मला ही जोडी फार आवडते.

म्हणजे वेग असताना पेडल हे मदतनीस आहे. वेग नसताना मात्र नाकाला धरणारं दुसरं कुणीच नसतं. लेस्टरचं हेलिकॉप्टर बिघडलं ते नेमकं या दोन अवस्थांच्या मधल्या उंबऱ्यावर.

त्या रात्रीचं उड्डाण कसं होतं ते पाहिलं की नाक आणि वाट किती वेगळ्या गोष्टी आहेत ते पटतं. मैदानाच्या मध्यावरून उचलल्यावर वैमानिकाने नाक उत्तरेकडे ठेवलं आणि हेलिकॉप्टर मागे मागे सरकवत वर चढवलं. मिनिटाला 600 ते 700 फूट या गतीने. चारही बाजूंना प्रेक्षकांच्या गॅलऱ्या असलेल्या खोलगट जागेतून निघण्याची ही ठरलेली पद्धत आहे. मागे सरकत चढलं की निघालेली जागा सतत समोर दिसत राहते. एक इंजिन गेलंच, तर पुढे येऊन तिथेच परत उतरता येतं. म्हणजे नाक एकीकडे, प्रवास बरोबर उलटा, आणि हे सगळं पूर्ण ताब्यात. पाय नाक धरून आहेत, हात वाट आखतो आहे. दोघांची कामं वेगळी आहेत आणि दोघंही आपापलं काम करताहेत.

साधारण 250 फुटांवर वैमानिकाने नाक खाली घेतलं, चाकं आत घेतली आणि पुढे उडायला सुरुवात केली. उजवीकडे वळण सुरू झालं. ते त्याला हवंच होतं. पण वळण थांबायच्या ऐवजी वाढत गेलं. त्याने लगेच उलट नियंत्रण दिलं, म्हणजे पायाने डावीकडे. काहीच झालं नाही. हेलिकॉप्टर सुमारे 430 फुटांपर्यंत चढलं आणि मग वेगाने स्वतःभोवती फिरत खाली यायला लागलं. फिरण्याचा वेग सेकंदाला 209 अंशांपर्यंत गेला. हिशेब केला तर एक पूर्ण गिरकी पावणेदोन सेकंदांच्या आत.

या ठिकाणी थांबून एक प्रश्न विचारायला हवा, कारण सगळ्या प्रकरणाचा गाभा मला इथेच वाटतो. पाय गेले हे खरं, पण हात तर शाबूत होते. सायक्लिक काठी चालत होती, मोठा रोटर फिरत होता, इंजिनं चालू होती. वाट आखणारा हात आहे, मग निदान हेलिकॉप्टर एखाद्या मोकळ्या जागी का नेता आलं नाही? नाक आणि वाट वेगळ्या आहेत असं आत्ताच म्हटलं ना?

वेगळ्या आहेत, पण एका अटीवर. काठी 'पुढे' ढकलली की हेलिकॉप्टर पुढे जातं, आणि हे पुढे म्हणजे नाकाच्या दिशेने पुढे. नाकच दर सेकंदाला अर्ध्या वर्तुळाहून जास्त फिरत असेल, तर या क्षणी 'पुढे' म्हणजे उत्तर, पुढच्या क्षणी पूर्व, मग दक्षिण. हात एकच हुकूम देत असतो आणि तो दर क्षणाला वेगळ्या दिशेला लागू होत असतो. त्यातच एवढ्या वेगाने फिरताना यंत्र पुढे-मागे आणि डावी-उजवीकडे हेलकावे खायला लागतं. एएआयबीने या अवस्थेत वाटेवर परिणामकारक ताबा ठेवणं अशक्य होतं असं म्हटलं आहे. पाठ्यपुस्तकं पेडलांचं काम नाकापुरतं सांगतात, आणि ते बरोबरही आहे. पण नाक सुटलं की हातातली वाटही सुटते, हे ती ठासून सांगत नाहीत.

वैमानिकाच्या हाती मग एकच खरी गोष्ट उरली होती. डाव्या हातातला कलेक्टिव्ह दांडा खाली घ्यायचा. मोठ्या रोटरच्या सगळ्या पात्यांचा कोन कमी होतो, इंजिनावरचा भार उतरतो आणि ज्या हिसक्यामुळे हे फिरणं चालू आहे तो हिसकाच मंदावतो. त्याने तेच केलं. पण त्याची किंमत अशी की हेलिकॉप्टर खाली पडायला लागतं. जमीन जवळ आल्यावर आपटण्याचा जोर कमी करायला तोच दांडा पुन्हा वर ओढावा लागतो, आणि ओढला की हिसका परत येतो. सुमारे 75 फुटांवर त्याने दांडा पूर्ण वर ओढला. शेवटचा तो वाचवणारा हातच फिरणं वाढवणारा होता. याहून चांगला पर्याय त्याच्याकडे होता असं मला कुठे दिसत नाही.

हेलिकॉप्टर काँक्रीटच्या पायरीवर आदळलं आणि डाव्या अंगावर पडलं. इंधनाच्या टाक्या फुटल्या, आणि थोड्याच वेळात आग लागली. पाचपैकी चार जण आदळण्यातून वाचले होते. आगीतून नाही.

आता शेपटीत काय झालं ते. इथे गोष्ट एका बेअरिंगवर येऊन थांबते, आणि मला तो भाग सगळ्यात जास्त वेळ घेऊन सांगावासा वाटतो.

शेपटीचा रोटर फिरत असतो. त्याची पाती फिरता फिरता कोन बदलतात. कोन बदलण्याचा हुकूम मात्र न फिरणाऱ्या बाजूने, पेडलकडून, यायचा असतो. त्यासाठी रोटरचा फिरता दांडा पोकळ केलेला असतो आणि त्याच्या पोटातून एक न फिरणारा नियंत्रण शाफ्ट आरपार गेलेला असतो. हा शाफ्ट पुढे-मागे सरकतो. त्याच्या बाहेरच्या टोकाला स्पायडर नावाचा भाग असतो. तो पात्यांबरोबर गरागरा फिरतो आणि शाफ्ट सरकला की सगळ्या पात्यांचा कोन एकदम बदलतो. न फिरणारा शाफ्ट आणि फिरणारा स्पायडर यांच्यामध्ये आहे जोडीचं एक बेअरिंग. त्याचं काम एवढंच: ढकलणं पोचू द्यायचं, फिरणं पोचू द्यायचं नाही. घरच्या जात्याची वरची तळी फिरते आणि मधला खुंटा स्थिर राहतो, तसं. खुंटा तळीत रुतला आणि तळीबरोबर फिरायला लागला तर काय होईल, याची कल्पना करा.

तेच झालं. एएआयबीच्या मते या बेअरिंगवर उड्डाणात शाफ्टच्या लांबीच्या दिशेचा जोर आणि वाकवणारा जोर दोन्ही एकत्र येत होते. आतल्या गोळ्या आणि कडं यांच्यातला दाब इतका वाढत होता की ग्रीसचा थर टिकत नव्हता आणि गोळ्या घरंगळण्याऐवजी घासत होत्या. पृष्ठभागावर थकव्याच्या खुणा साठत गेल्या, वेळेच्या कितीतरी आधी, आणि एक दिवस बेअरिंग जाम झालं. अपघातानंतर काढलेलं बेअरिंग हाताने दोन्ही बाजूंना जेमतेम काही अंशच फिरत होतं. आत काळी भुकटी आणि जळून चिकटलेलं ग्रीस होतं.

बेअरिंग जाम झाल्यावर रोटरचं फिरणं शाफ्टला मिळालं. ज्याने कधी फिरायचं नव्हतं तो फिरू लागला. शाफ्टच्या आतल्या टोकाला कॅसल नट आहे, तो सुटू नये म्हणून त्याच्या खाचांतून कॉटर पिन घातलेली आहे. आपल्याकडच्या कुठल्याही गॅरेजमध्ये हे रोज हाताळलं जातं, ट्रॅक्टरच्या पुढच्या चाकापासून मोटारसायकलच्या ॲक्सलपर्यंत. पण हे कुलूप नट आपोआप ढिला होऊ नये म्हणून असतं. आख्खा शाफ्ट पिळत फिरण्यासमोर टिकण्यासाठी नसतं. इतका पीळ बसला की नट शेजारच्या पिनधारकाला (शाफ्टला पेडलकडच्या दांड्याशी जोडणाऱ्या भागाला) घर्षणाने जवळजवळ वेल्ड झाला, पिन कापली गेली आणि शाफ्ट त्या नटमधून सुटून निघाला. नट आणि पिनधारक शेपटीच्या आवरणात सापडले, एकमेकांना चिकटलेले, पण शाफ्टपासून वेगळे.

साखळी तुटली म्हणजे पाती निदान होती तिथेच राहतील असं वाटतं. तसं झालं नाही, आणि याचं कारण हायड्रॉलिकमध्ये आहे. वैमानिकाचा पाय पाती स्वतः ढकलत नाही. तो एका दांड्यामार्फत झडप उघडतो, तेलाचा दाब शाफ्ट सरकवतो, आणि शाफ्ट हव्या जागी पोचला की त्याच दांड्याचं दुसरं टोक शाफ्टबरोबर हलून झडप बंद करतं. घरच्या गच्चीवरच्या टाकीतला बॉलकॉक असाच चालतो: पाणी चढतं, फुगा वर येतो, दांडी झडप दाबते. फुग्याची दांडी मोडली की पाणी टाकीबाहेर वाहत राहतं, खालून नळ कितीही पिरगाळला तरी. शाफ्ट दांड्यापासून सुटल्यावर 'पोचलो, आता थांब' असं सांगणारं कुणी उरलं नाही. पेडलांना ठरावीक मर्यादेपुढे जाऊ न देणारे अडथळेही निरुपयोगी झाले, कारण ते अडथळे पेडलच्या बाजूला होते आणि ढकलणं आता पेडलच्या हुकुमात नव्हतं. तेलाचा दाब ढकलत राहिला, थेट पाती शारीरिक मर्यादेला टेकेपर्यंत. आणि ती मर्यादा उलट्या कोनाची होती. म्हणजे वर सांगितलं ते टोक. शेपटीचा रोटर आता मोठ्या रोटरचा हिसका अडवत नव्हता. त्यालाच हात लावून ढकलत होता.

म्हणूनच हे शेपटीच्या रोटरने नुसतं काम थांबवण्यापेक्षा वाईट होतं. नाक अचानक उजवीकडे सुटण्याचा एक वेगळा प्रकार सगळ्या वैमानिकांना शिकवला जातो. त्यात शेपटीचा रोटर ठणठणीत असतो, पण हळू उडताना ठरावीक दिशेच्या वाऱ्यात त्याचा प्रभाव तात्पुरता कमी पडतो. अमेरिकेच्या एफएए या हवाई नियामकाने 1995 साली त्यावर सल्लापत्रक काढलं होतं. त्यात उपाय आहे: पूर्ण डावं पेडल, काठी पुढे, जमल्यास शक्ती कमी, आणि धीर धरायचा. या उपायातलं पहिलंच पाऊल लेस्टरमध्ये शून्य होतं. वेग मिळाला असता तर उभ्या पंखाने काही मदत केली असती का? पाती उलट्या टोकाला गेलेली असताना ती पुरली असती असं मला वाटत नाही, पण हा प्रश्नच उद्भवला नाही. वेग नव्हता आणि तो घ्यायला उंचीही नव्हती.

मग चूक कुणाची? अहवाल वाचताना सगळ्यात अस्वस्थ करतो तो हाच भाग, कारण त्यात कुठलंही नियमभंगाचं खळबळजनक प्रकरण नाही. एडब्ल्यू169 ला 2015 मध्ये युरोपीय प्रमाणपत्र मिळालं ते नियमांप्रमाणेच. बेअरिंगवर किती भार येईल याचा सुरुवातीचा अंदाज कागदावर केलेला होता. नंतर प्रत्यक्ष उड्डाणचाचण्यांत मोजलेले भार बेअरिंग बनवणाऱ्याकडे परत पाठवून 'हे अजून चालेल ना?' असं विचारलं गेलं नाही. विचारायला हवं असा नियमही नव्हता. घरंगळणाऱ्या गोळ्यांखाली पृष्ठभाग थकणं या धोक्याची चाचणी घ्या, असं मोठ्या हेलिकॉप्टरांच्या नियमावलीत स्पष्ट लिहिलेलं नव्हतं. सेवेतून काढलेली बेअरिंगं उघडून मूळ गृहीतकांशी ताडून पाहण्याची नियमित पद्धत नव्हती. अंदाज, चाचणी आणि वापर अशा तीन खोल्या होत्या आणि त्यांच्यामधली दारं बंद होती. एएआयबीने आठ शिफारशी केल्या. त्यांचा रोख मुख्यतः ही दारं उघडण्याकडे आहे.

अंतिम अहवालाला पाच वर्षं लागली, पण शेपटी उघडून पाहायला कुणी थांबलं नाही. अपघाताला दोन आठवडे व्हायच्या आत युरोपच्या नियामकाने एडब्ल्यू169 आणि त्याच्या मोठ्या भावंडाच्या, एडब्ल्यू189 च्या, शेपटीची तपासणी तातडीने करायला लावली. नंतर बेअरिंगच्या तपासण्या आल्या. त्यातली एक गोष्ट वाचून मला आपल्या ट्रकच्या चाकांचे नट आठवले. नटवरून शेजारच्या भागापर्यंत रंगाची एक रेघ ओढायची. तपासनीसाने पुढच्या वेळी झाकण उघडायचं आणि बघायचं, रेघ सलग आहे की तुटली आहे. तुटली असेल, तर ज्याने फिरायचं नव्हतं ते फिरलं आहे, आणि ते हेलिकॉप्टर त्या दिवशी उडत नाही.